रस्त्याकाठचा धबधबा

कोकणातील सावंतवाडीहून घाटमाथ्याकडे निघालेला रस्ता काही अंतर भातशेतांतून आणि नारळी-पोफळीच्या बागांतून सरळ धावतो. पुढे सह्याद्रीचा कडा वाट अडवून उभा राहतो आणि रस्ता नागमोडी वळणे घेत वर चढू लागतो. हाच आंबोलीचा घाट. वेंगुर्ल्याच्या बंदरावर उतरलेला माल बेळगावच्या छावणीपर्यंत नेता यावा म्हणून इंग्रजांच्या अमदानीत ही वाट महत्त्वाची ठरली, आणि तिच्यावरील मुक्कामाचे ठिकाण म्हणून आंबोली गाव नावारूपास आले. आज तेथून मालाच्या गाड्यांपेक्षा प्रवाशांच्या गाड्याच अधिक जातात. पावसाळ्यात त्यांतील पुष्कळशा गाड्या गावाच्या अलीकडे, घाटातील एका वळणापाशी थांबतात. कारण तेथे रस्त्याला अगदी लागूनच एक धबधबा कोसळत असतो.

जगातील मोठ्या जलप्रपातांशी तुलना केली तर हा धबधबा अगदीच लहान. गिरसप्प्याचा धबधबा अडीचशे मीटरांहून उंच कड्यावरून खाली झेप घेतो. त्याच्यापुढे आंबोलीचा धबधबा म्हणजे हत्तीपुढे उभे राहिलेले वासरू. पण गिरसप्पा दरीच्या पलीकडून पाहावा लागतो, आणि हा धबधबा हाकेच्या अंतरावर, नव्हे, हाताच्या अंतरावर असतो. काळ्या खडकांच्या पायऱ्यांवरून उतरत तो रस्त्यापाशी येतो, रस्त्याखालच्या मोरीतून वाट काढतो आणि पलीकडच्या दरीत दिसेनासा होतो. वाटसरूच्या अंगावर तुषार उडतात, कानांत घोष भरून राहतो, आणि श्रावणातील एखाद्या उघडिपीत ऊन पडले तर त्या तुषारांत इंद्रधनुष्याचा तुकडाही चमकून जातो. इतक्या जवळून पाहावयास मिळतो म्हणूनच हा लहानसा धबधबा मोठ्या धबधब्यांपेक्षा अधिक काही शिकवू शकतो.

पहिला प्रश्न असा की, येथे एवढे पाणी येते कोठून? आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. अरबी समुद्र तेथून सरळ रेषेत अवघा ४० किलोमीटरांच्या आसपास. जून महिन्यात नैर्ऋत्येचे वारे समुद्रावरून बाष्पाने जड होऊन येतात. कोकणच्या सपाटीवर ते बरेचसे पाणी सांडतात. पण सह्याद्रीचा कडा आडवा आला म्हणजे त्यांना वर चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हवा जसजशी वर जाते तसतसा तिच्यावरील दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प फार काळ राहू शकत नाही. त्याचे थेंब बनतात आणि पाऊस कोसळू लागतो. म्हणून किनाऱ्यावरील वेंगुर्ल्यास वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस आंबोलीस पडतो. तेथील वार्षिक पावसाची सरासरी सुमारे ७,००० मिलिमीटर, म्हणजे ७ मीटर आहे. हे सारे पाणी न वाहता, न जिरता जागच्या जागी साचून राहिले असते, तर दुमजली घर त्यात बुडून गेले असते! घाटमाथा ओलांडून पूर्वेस आजरा, गडहिंग्लजकडे जावे तसा पाऊस झपाट्याने ओसरतो. कारण वाऱ्याचे ओझे तोवर बरेचसे हलके झालेले असते.

दुसरा प्रश्न असा की, हे पाणी उतारावरून गुपचूप वाहत न जाता असे उड्या घेत का येते? त्याचे उत्तर दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर वाहू लागला. एक थर थिजला की त्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे थरांवर थर साचत गेले. तोच आपला काळा पाषाण. पण हे सारे थर सारखे नाहीत. काही थर भरीव व कठीण आहेत. काहींमध्ये वायूचे बुडबुडे अडकून राहिल्याने ते सच्छिद्र व ठिसूळ झाले आहेत. वाहते पाणी ठिसूळ थर लवकर झिजवते. कठीण थर मात्र दीर्घकाळ टिकाव धरतो. मग डोंगराच्या अंगावर जणू पायऱ्या तयार होतात, आणि प्रत्येक पायरीवरून पाणी खाली उडी घेते. सह्याद्रीच्या कोणत्याही घाटातून जाताना समोरच्या डोंगरावर आडव्या रेघा ओढल्यासारखे दिसते. त्या रेघा म्हणजे याच थरांच्या कडा होत.

धबधबा कायम एकाच जागी राहतो असे आपणांस वाटते. परंतु ते खरे नव्हे. वरून पडणारे पाणी आपल्याबरोबर वाळू व गोटे आणते. ते पायथ्याशी गरगर फिरतात आणि तेथे डोह कोरतात. खालचा ठिसूळ खडक पोखरला गेला की वरच्या कठीण थराची कड आधारावाचून पुढे लोंबू लागते, आणि एके दिवशी ती तुटून पडते. धबधबा तेवढा मागे सरकतो. उत्तर अमेरिकेतील नायगारा धबधबा गेल्या सुमारे १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे सरकला आहे. आंबोलीचा खडक अधिक चिवट आणि प्रवाह कितीतरी लहान. तथापि नियम तोच. धबधब्याच्या पायथ्याशी मोठमोठ्या शिळा अस्ताव्यस्त पडलेल्या दिसतात, त्यांतील कित्येक कधी काळी वरच्या कड्याचा भाग होत्या. आज जो दगड डोक्यावर स्थिर दिसतो, तोही एके दिवशी याच मार्गाने खाली येणार आहे. धबधब्याच्या अगदी खाली उभे राहणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये.

निर्मळ पाण्याला रंग नसतो, मग धबधबा दुधासारखा पांढरा का दिसतो? पडताना पाणी हवेशी झुंजते, फुटते, त्याचे असंख्य थेंब होतात. आणि त्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात. थेंबाथेंबावरून व बुडबुड्याबुडबुड्यावरून प्रकाश चोहोकडे परावर्तित होतो, आणि सर्व रंगांचा मिळून झालेला पांढरा रंग आपल्या डोळ्यांस दिसतो. धबधब्याचा घोषही बऱ्याच अंशी या बुडबुड्यांचाच असतो. पाण्यात कोंडलेला प्रत्येक बुडबुडा क्षणभर कंप पावतो व नाद करतो. असे लक्षावधी नाद एकत्र झाले की तो गंभीर ध्वनी उमटतो. इंद्रधनुष्य पाहावयाचे असेल तर मात्र सूर्य आपल्या पाठीशी असावा लागतो. सूर्याकडे तोंड करून उभा राहणारा तुषारांत कितीही भिजला, तरी त्याला ते दिसावयाचे नाही.

आता या धबधब्याच्या माथ्यावर, आंबोलीच्या पठारावर, काय आहे ते पाहू. तेथे काळ्या पाषाणावर जांभ्या दगडाचे आच्छादन आहे. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. तो पावसाचे पाणी स्पंजाप्रमाणे शोषून घेतो आणि सावकाश सोडतो. याच पठारावर, धबधब्यापासून फार दूर नसलेल्या एका ठिकाणी, गुहेतून पाणी बाहेर येते. तेथे महादेवाचे मंदिर असून समोर कुंड आहे. हाच हिरण्यकेशी नदीचा उगम. हिरण्यकेशी म्हणजे सोनेरी केसांची. या नदीच्या प्रवासात एक मौज आहे. आंबोलीच्या कड्यावर पडलेला जो थेंब पश्चिमेकडे घसरला, तो रस्त्याकाठच्या धबधब्यातून कोकणात उतरतो आणि थोड्याच अवधीत अरबी समुद्रास मिळतो. परंतु त्याच्याच शेजारी पडलेला थेंब पूर्वेकडे कलला, तर तो हिरण्यकेशीचा होतो. ती आजऱ्यावरून, गडहिंग्लजवरून वाहत कर्नाटकात शिरते व घटप्रभेस मिळते. घटप्रभा कृष्णेस मिळते, आणि कृष्णा आंध्र प्रदेशातून बंगालच्या उपसागरास. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर ७०० किलोमीटरांहून अधिक भरते. नदीची वळणे धरली तर ते याहूनही पुष्कळ मोठे. दोन थेंबांच्या जन्मात हातभर अंतर, आणि त्यांच्या मुक्कामात अवघा भारत! अशा रेषेला जलविभाजक म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात ती नकाशावरील तुटक रेघ असते. आंबोलीस ती पायांखाली असते.

या लहानशा पाण्याची श्रीमंती केवळ पाण्यात नाही. हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात करंगळीहूनही लहान असा एक मासा राहतो. तो वेगळ्याच जातीचा आहे हे शास्त्रज्ञांनी २०२० साली जगापुढे मांडले आणि त्याला नदीचेच नाव दिले: शिस्टुरा हिरण्यकेशी. त्याच्या रक्षणासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली उगमाजवळची सुमारे २ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. मंदिराच्या कुंडातील मासे देवाचे म्हणून न मारण्याची जुनी श्रद्धा आणि नव्या शास्त्राचा निष्कर्ष या ठिकाणी एकमेकांच्या हातात हात घालून उभे आहेत. तसाच आंबोलीचा भेक. त्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे असतात. २००९ साली त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसाचे पाणी साचून जी उथळ डबकी होतात त्यांत त्याची अंडी वाढतात. आपल्या दृष्टीने ते डबके. त्याच्या दृष्टीने तेच घर. पावसाळी रात्री हे प्राणी रस्ता ओलांडू लागतात आणि भरधाव गाड्यांच्या चाकांखाली चिरडले जातात. धबधबा पाहून आनंदाने परतणाऱ्या गाडीतील कोणालाही याची गंधवार्ता नसते.

धबधब्याचे रूप मोहक असले तरी त्याचे बळ ओळखूनच त्याच्याजवळ जावे. दहा मीटर उंचीवरून पडणारी वस्तू, हवेचा अडथळा सोडला तर, जमिनीवर पोचेपर्यंत ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने धावू लागते. वरून एखादा नारळाएवढा दगड सुटला तर तो याच वेगाने येईल. वाहत्या पाण्याचा रेटा तर याहूनही फसवा असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. वेग तिप्पट झाला की रेटा नऊपट. घोट्याएवढ्या पाण्यात सहज उभा असलेला माणूस तेच पाणी गुडघ्याशी आले की डळमळू लागतो, आणि खडकावर शेवाळ असेल तर त्याचा पाय निसटावयास क्षणही लागत नाही. पोहता येणाऱ्यालाही अशा वेळी पोहण्याचा उपयोग होत नाही. कारण तेथे पोहण्याजोगे पाणी नसते, असतो तो दगडांवर आपटत नेणारा लोंढा.

सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसतच नाही. धबधब्यापाशी ऊन पडलेले असेल, पण त्याच वेळी माथ्यावरच्या पठारावर ढग रिते होत असतील. ते पाणी खाली यावयास काही मिनिटेच पुरतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ, भुशी धरणाच्या मागील बाजूस असलेल्या धबधब्याच्या प्रवाहात, असेच घडले. सहलीस आलेले एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध खडकावर उभे होते. पाहता पाहता पाणी वाढले. काठ हाकेच्या अंतरावर असूनही तो गाठता येईना. एकमेकांना घट्ट धरून ते उभे राहिले. पण पाण्याने त्यांचे पाय उखडलेच. त्या दिवशी त्या कुटुंबातील पाच जण प्राणांस मुकले, आणि त्यांत चार मुले होती. ते काही खोल डोहात उतरले नव्हते, की कड्यावरून त्यांनी उडी मारली नव्हती. थोड्या वेळापूर्वी जेथे सुखाने उभे राहता येत होते, त्याच जागी ते उभे होते.

डोंगरातील माणसे अशा वेळी पाण्याची भाषा वाचतात. ती भाषा अवघड नाही. निवळ पाणी एकाएकी गढूळ होऊ लागले, त्यातून पाने, काटक्या, गवत वाहून येऊ लागले, घोषाचा स्वर अधिक जड झाला, किंवा मघाशी कोरडा असलेला दगड ओला झाला, की वर पाणी वाढले आहे असे निश्चित समजावे. अशा वेळी चपला, पिशव्या गोळा करीत बसू नये, छायाचित्र घेण्याचा मोह धरू नये; तत्काळ प्रवाहाबाहेर पडून उंच जागी जावे. प्रवाहाच्या मध्यभागी असलेल्या खडकावर मुळातच चढू नये. कारण तो खडक नसून बेट आहे, आणि बेटावरून परतण्याची वाट पाण्याच्या हाती असते. जेथे सूचनाफलक किंवा कठडे लावलेले आहेत, तेथे बहुधा पूर्वी कोणाचा तरी घात झालेला असतो. तो फलक म्हणजे त्या अनोळखी माणसाने आपल्यासाठी ठेवलेला निरोपच होय.

रस्त्याकाठच्या धबधब्यापाशी आणखी एक भान ठेवावे लागते. घाटातील रस्ता अरुंद व वळणाचा. प्रत्येकाने मन मानेल तेथे गाडी उभी केली, तर वाट बंद होते. आणि कोकणातून बेळगावच्या किंवा कोल्हापूरच्या इस्पितळाकडे निघालेला एखादा रुग्ण त्या गर्दीत अडकून पडतो. कठड्यावरील माकडांना खाऊ टाकणे ही दया नव्हे. त्यामुळे ती रानातील फळे-पाने शोधण्याचे सोडून रस्त्यावर येतात, गाड्यांखाली सापडतात आणि माणसांच्या अंगावरही धावून जातात. भाजलेल्या कणसाचे खुंट मातीत मिसळून जातील. पण प्लॅस्टिकची पिशवी मोरीच्या तोंडाशी अडकून बसते. चार पिशव्यांना चार फांद्या अडकल्या की मोरी तुंबते, पाणी रस्त्यावर येते, कडेची माती पोखरते आणि एखाद्या रात्री रस्ताच खचतो.

शेवटी एक साधे गणित. समजा, एक ओहळ २ मीटर रुंद व पाव मीटर खोल आहे, आणि त्याचे पाणी सेकंदाला १ मीटर पुढे जाते. तर त्यातून दर सेकंदास अर्धा घनमीटर, म्हणजे ५०० लिटर पाणी वाहते. एका माणसास दिवसाला ५५ लिटर पाणी धरले, तर १,००० वस्तीच्या गावाची दिवसाची गरज हा एवढासा ओहळ अवघ्या ११० सेकंदांत भागवील. दोन मिनिटेदेखील लागावयाची नाहीत! आणि तरीही कोकणातील व घाटमाथ्यावरील कित्येक वाड्यांत वैशाखात स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी लांब जावे लागते. पाऊस कमी पडतो म्हणून नव्हे. तो थांबत नाही म्हणून. झाडांची मुळे, कुजलेल्या पानांचा थर आणि सच्छिद्र जांभा ही त्याला थांबवणारी मंडळी. जेथे रान टिकले आहे तेथे धबधब्याचा जोर ओसरल्यावरही झरे वाहत राहतात. जेथे डोंगर उघडे पडले आहेत तेथे पावसाळ्यात लोंढा येतो आणि उन्हाळ्यात धूळ उडते.

आंबोलीच्या घाटात गाडी थांबवून पाच मिनिटे धबधबा पाहणारे हजारो असतात. त्या पाच मिनिटांत साडेसहा कोटी वर्षांचा दगड, शेकडो कोसांवरून आलेला वारा, दोन समुद्रांना वाटून दिलेला पाऊस आणि कुंडातला एक इवलासा मासा एवढे सारे डोळ्यांसमोर येऊ शकते. त्यासाठी धबधब्यात उतरावे लागत नाही. काठावर, कोरड्या दगडावर उभे राहून नीट पाहावे लागते, एवढेच.

स्वाध्याय

१. वेंगुर्ल्यापेक्षा आंबोलीस अधिक पाऊस का पडतो? कारणे द्या.
२. धबधबा मागे कसा सरकतो, ते आकृती काढून स्पष्ट करा.
३. ‘दोन थेंबांच्या जन्मात हातभर अंतर, आणि त्यांच्या मुक्कामात अवघा भारत!’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
४. प्रवाह वाढत असल्याच्या चार खुणा लिहा. त्या दिसताच काय करावे व काय करू नये?
५. आपल्या गावाजवळच्या ओढ्याची रुंदी, खोली व वेग काठावरूनच, वडीलधाऱ्यांच्या सोबतीने अजमावा आणि त्यातून दर सेकंदास किती लिटर पाणी वाहते याचे गणित करा.